फॅरोला आवाज माझा होता

फॅरो हा शब्द वाचून तुम्ही जरा ताठ बसला असाल तर परत टेकून बसा. मी इजिप्तला गेलेलो नाही. माझ्याकडे पासपोर्टच नाही. उंट बघितलाय, पण जत्रेत, आणि तोही माझ्याकडे बघून कंटाळला होता. तेव्हा ह्यात नाईलवरचा सूर्यास्त येणार नाही. ‘त्या भव्य दगडांपुढे उभा राहिलो आणि मला माझं क्षुद्रपण जाणवलं’ असलं वाक्य येणार नाही. क्षुद्रपण जाणवायला मला एवढ्या लांब जायची गरज नसते, ते काम घरचे फोनवर करून देतात. थडग्याचा शाप, सोन्याचा खजिना, दार उघडलं आणि आठवड्याभरात मेलेले गोरे साहेब, हेही नाही. ह्यात एक काळी ग्रॅनाइटची पाटी आहे, एक निवृत्त बाई आहेत आणि मी आहे. फॅरो येतात, पण ते आमच्या नाशिकला येतात, गणपतीत, आणि मराठी बोलतात.

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढे राग कोणाचा धरायचा ते तुम्हाला कळेल. मी विंचूरचा. शाळा तिथलीच. आमच्याकडे कांद्याचा लिलाव चालतो आणि लिलाव पुकारणारा माणूस ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर चालत एका दमात काहीतरी म्हणत असतो, ते फक्त व्यापाऱ्यांना कळतं. तिसरीत असताना मी ते वर्गात करून दाखवलं. सर मागे उभे होते. मला वाटलं, आता मारतील. त्यांनी परत एकदा करायला लावलं, पोट धरून हसले, आणि मग मारलं. तेव्हापासून मला आवाज काढायची सवय लागली, आणि नंतर मार खायचीही. आता मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत स्टोअरला आहे आणि बाईंच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो.

बाई म्हणजे आमच्या घरमालकीण. कॉलनीत नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. अर्धी कॉलनी त्यांच्या हातची छडी खाल्लेली, म्हणून अजूनही त्या रस्त्याने निघाल्या की पन्नाशीचे लोक सिगारेट पाठीमागे नेतात.

आमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर पाण्याच्या पंपाची एक जुनी खोली होती. बाईंनी तिची अभ्यासिका केली. म्हणजे कुलूप तोडण्यापासून कपाटं मागून आणण्यापर्यंत सगळं त्यांनीच, बाकीच्यांनी ‘बाई, छान उपक्रम आहे’ एवढंच केलं. वीसेक वर्षं रोज संध्याकाळी त्या तिथं बसायच्या. पोरं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायची आणि बाई पोरांनी पेपर नीट घडी करून ठेवला का ते बघायच्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा कॉलनीला एकदम लाज वाटली आणि सगळ्यांनी मिळून दाराशेजारच्या भिंतीवर एक पांढरी संगमरवरी पाटी लावली. ही अभ्यासिका अमुक बाईंच्या प्रयत्नांतून उभी राहिली, असं. तळहाताएवढी अक्षरंसुद्धा नव्हती. पण होती.

मग आले भावी. भावी म्हणजे भावी नगरसेवक. आमच्याकडे माणूस निवडून येईपर्यंत भावी असतो, आणि पडला तरी भावीच राहतो, त्यामुळे हे पद सगळ्यात टिकाऊ. माणूस तसा वाईट नाही. कुणाच्या घरी कोणी गेलं की खांदा द्यायला पहिला. ह्या पावसाळ्याआधी त्यांनी अभ्यासिकेचं गळतं छप्पर दुरुस्त करून दिलं, रंग दिला, नवीन ट्यूब लावल्या. आणि दाराशेजारी काळ्या ग्रॅनाइटची एक पाटी बसवली, दारापेक्षा जरा लहान. सोनेरी अक्षरात त्यांचं नाव, शेजारी लेझरने कोरलेला त्यांचा फोटो, हात जोडलेला.

पांढरी पाटी कुठं गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. कोणी म्हणे गवंड्याने फोडून टाकली. कोणी म्हणे ग्रॅनाइट तिच्यावरच चिकटवलं.

बाई म्हणाल्या, “बरं झालं. छप्पर गळत होतं.”

एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून त्या अभ्यासिकेत जायच्या बंद झाल्या. पेपर घरी लावला. आणि दूध आणायला त्या प्लॉटच्या कडेने जायच्या त्याऐवजी मागच्या गल्लीतून, दोन कुत्र्यांची हद्द ओलांडून, लांबून जायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.” बाईंच्या गुडघ्यांना डॉक्टर चालायला सांगतील हे मला पटलं नाही, पण इतिहासाच्या बाईंना पुरावा मागणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच असेल.

मग गणपतीच्या मंडळाची मीटिंग झाली. आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे नळफिटिंगचं दुकान असलेले काका. त्यांच्या डोक्यात एकच काटा: शेजारच्या कॉलनीचा देखावा आपल्यापेक्षा मोठा असतो.

“यंदा पिरॅमिड,” अध्यक्ष म्हणाले. “इजिप्त. नाशिकमध्ये कोणी केलं नसेल. बाप्पा पिरॅमिडच्या आत बसणार, बाजूला ममी, आणि जिवंत देखावा.”

जिवंत देखावा म्हणजे स्टेजवर खरी माणसं उभी करायची, पण आवाज आधी रेकॉर्ड केलेला. माणसांनी फक्त हात हलवायचे आणि ओठ. दर अर्ध्या तासाला तोच खेळ, दहा दिवस. आवाज सगळे मीच देतो. गेल्या वर्षी मी एकटाच सात मावळे, दोन सरदार आणि एक घोडा होतो.

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून एक आजोबा म्हणाले, “पिरॅमिड म्हणजे थडगं ना रे?”

माना डोलायच्या थांबल्या.

“थडगं नाही, स्मारक,” अध्यक्ष म्हणाले.

“आत मढं असतं का नसतं?”

“असतं, पण मसाला लावलेलं.”

“मग बाप्पाला मसाला लावलेल्या मढ्याशेजारी बसवणार तू?”

अध्यक्षांचा चेहरा तोटी तुटल्यासारखा झाला. पुठ्ठा आणलेला होता. गोणपाट मी विंचूरहून कांद्याच्या गोण्यांचं आणून देणार, असा शब्दही देऊन बसलो होतो. कोणीतरी म्हणालं, बाईंना विचारा. म्हणून अध्यक्ष आणि मी बाईंकडे गेलो.

बाई गॅलरीत भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “थडगं नको ना? देऊळ करा. नाईलच्या काठी डोंगराच्या पोटात एका राणीने बांधलेलं देऊळ आहे. तीन मजली, ओळीने खांब, मधून चढ. पुठ्ठ्यात झकास होईल. गणपतीला बसायला जागाही ऐसपैस.”

“राणीचं?” अध्यक्ष म्हणाले. “पण फॅरो पाहिजे, बाई. बॅनर छापायला टाकलाय.”

“तीच फॅरो. दाढी लावून राज्य करायची.”

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं बाई चेष्टा करतायत. बाई चेष्टा करत नाहीत हे मला माहीत होतं, कारण मी केलेल्या चेष्टेला त्यांनी कधी तोंडसुद्धा हलवलेलं नाही.

“स्क्रिप्ट मीच लिहून देईन,” बाई म्हणाल्या. “एक अट. स्टेजचं तोंड अभ्यासिकेकडे पाहिजे.”

“का हो बाई?”

“ऊन पाठीमागून येईल.”

देखावा रात्री सातला सुरू होतो. ऊन कुठलं? पण अध्यक्ष इतके खूश होते की त्यांनी मान्य केलं.

पुढचे आठ दिवस बाईंनी माझी शिकवणी घेतली. आवाज देणाऱ्याला विषय कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या सांगायच्या आणि मी लसूण सोलायचो.

“फॅरो म्हणजे नुसता राजा नाही. देवाचा मुलगा. आणि तो देवाचा मुलगा आहे हे सांगणार कोण? पुजारी. पुजाऱ्यांना जमिनी देणार कोण? फॅरो.”

“म्हणजे सत्कार समारंभ. ह्याने त्याला शाल, त्याने ह्याला नारळ.”

“लसूण सोल.”

मग चित्रं दाखवली. चेहरा बाजूने, डोळा समोरून, छाती समोरून, पाय परत बाजूने. असा माणूस उभा राहिला तर त्याला फिजिओथेरपी लागेल. पण हजारो वर्षं त्यांनी माणूस असाच काढला, म्हणे, नियमच होता. आणि दुसरा नियम, राजा सगळ्यात मोठा, बाकीची माणसं त्याच्या गुडघ्याएवढी. मी गॅलरीतून बाहेर बघितलं. चौकात भावींच्या वाढदिवसाचा बॅनर होता. भावी खांबाएवढे आणि खाली शुभेच्छुकांची डोकी, लिंबाएवढी, ओळीने.

“बाई, आपल्याकडे ही कला अजून जिवंत आहे,” मी म्हणालो.

बाईंनी बॅनरकडे बघितलं. “निरीक्षण बरंय तुझं. शाळेत असताना का नव्हतं?”

एका राजाची गोष्ट त्यांनी सांगितली, त्याने सगळे देव बंद करून टाकले आणि एकच ठेवला, सूर्याची तबकडी. बाकीच्या देवांची नावं छिन्नीने खोडायला माणसं पाठवली. तो मेल्यावर लोकांनी जुने देव परत आणले आणि त्याचंच नाव खोडलं. दुसऱ्या एकाने तर स्वतःचे पुतळे करायला वेळ लागतो म्हणून आधीच्या राजांच्या पुतळ्यांवर आपलं नाव घालून घेतलं. चेहरा तोच, नाव नवीन.

“एवढं काय नावाचं?” मी विचारलं.

“त्यांची समजूत अशी होती की नाव दगडावर आहे तोवर माणूस आहे. पुढच्या जगातही. नाव खोडलं की तो तिकडेही संपला.” बाईंनी लसणाची टरफलं गोळा केली. “आणि राणीचंही खोडलं. तिचा नवरा गेला, सावत्र मुलगा लहान होता. ही आधी त्याच्या वतीने कारभार बघत होती, मग स्वतःच फॅरो झाली. दाढी बांधून.”

“खरी दाढी?”

“सगळेच फॅरो बांधायचे, गाढवा. ती तोंडाची नाही, पदाची दाढी. वीस वर्षं राज्य केलं. लढाया कमी, बांधकाम जास्त. लांबच्या देशात जहाजं पाठवली, सुगंधी झाडं मुळासकट मागवली. ती गेली आणि पुढे त्या मुलाने तिचं नाव भिंतीभिंतीवरून खोडायला लावलं. देऊळ तेच राहिलं.”

मी तेव्हा ‘अच्छा’ म्हणालो. मला काहीच कळलं नव्हतं. मला कळलं दोन दिवसांनी, रेकॉर्डिंग करताना.

माझं रेकॉर्डिंग म्हणजे खोलीचं दार लावायचं, पंखा बंद करायचा आणि मोबाइल घेऊन गोधडीखाली शिरायचं. गोधडीत आवाज घुमत नाही. घामाने फॅरो भिजतो, पण ते ऐकणाऱ्याला कळत नाही. स्क्रिप्टच्या शेवटी नवा राजा देवळात उभा राहून गवंड्यांना सांगतो, ह्या भिंतीवरचं नाव खोडा. त्यानंतर निवेदन होतं, बाईंच्या अक्षरात: ‘नाव गेले, पण दगडाला खाच राहिली. लोकांनी पुढे राणीला ओळखले ते त्या खाचेवरून.’ कंसात लिहिलं होतं, हे वाक्य सावकाश वाच. गोधडीतच मी उठून बसलो. स्टेजचं तोंड अभ्यासिकेकडे. पाचव्या दिवशी आरतीला भावी पाहुणे. ते पहिल्या रांगेत बसणार, पाठीमागे त्यांची काळी पाटी, आणि समोर स्टेजवर राणीचं नाव जाणार.

बाईंनी पंचाहत्तरीला आल्यावर तक्रार अर्ज केला नव्हता, भांडण केलं नव्हतं. देखावा लिहिला होता.

मी ते रेकॉर्डिंग अगदी इमानदारीत केलं. भारदस्त आवाज, शेवटचं वाक्य सावकाश. बाईंनी ऐकलं, “ठीक” म्हणाल्या. बाईंचं ‘ठीक’ म्हणजे आमच्याकडचं पद्मश्री.

आणि मग रविवारी दुपारी, मित्रांसाठी म्हणून, मी दुसरं रेकॉर्डिंग केलं. तेच स्क्रिप्ट, फक्त नव्या राजाला भावींचा आवाज. भावी प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘असं आहे बघा’ने करतात, शेवटी ‘काय?’ म्हणतात, आणि मध्येच घशात एक ‘हँ’ येतो, स्कूटर चालू होता होता बंद पडल्यासारखा. गोधडीखाली मी बोलायला लागलो आणि मला थांबता येईना.

“असं आहे बघा, हे देऊळ कोणी बांधलं, कोणी घाम गाळला, ह्याच्यात आपल्याला जायचं नाही. काय? हँ. आपण फक्त नाव बदलतोय. राणीबद्दल मला आदर आहे, मी त्यांना आईच्या ठिकाणी मानतो, म्हणून तर त्यांचं नाव मी स्वतः जातीने लक्ष घालून खोडून घेतोय. काय?”

दोन्ही फाइली एकाच लॅपटॉपमध्ये होत्या. हे मी नंतर सगळ्यांना ‘चूक’ म्हणून सांगितलं. तुम्हाला खरं सांगतोय.

गणपती बसले. कांद्याच्या गोण्यांचं देऊळ लांबून खरंच दगडाचं वाटायचं आणि जवळून भाजी मंडईचा वास यायचा. राणी झाली अध्यक्षांची पुतणी, बी.एस्सी.ला असलेली. तिची आई म्हणत होती पोरीला दाढी नको, लग्नाला फोटो जातील. पुतणी म्हणाली, “दाढी मीच लावणार, नाहीतर गेल्या वर्षीसारखी झोपडीतली बाईसुद्धा मी होणार नाही.” नवा राजा जिमला जाणारा एक पोरगा होता, त्याला फक्त दंड दाखवायला मिळतात म्हणून तो तयार झाला होता.

पहिले चार दिवस चांगलं रेकॉर्डिंग लावलं. लोक यायचे, दाढीवाल्या राणीबरोबर सेल्फी काढायचे, प्रसाद घ्यायचे. बाई रोज मागच्या खुर्चीत बसायच्या. त्या स्टेजकडे बघत नव्हत्या, रस्त्याकडे बघत होत्या.

पाचव्या दिवशी बाई ठेवणीतली साडी नेसून आल्या. भावी आले, बरोबर त्यांची आई, निफाडकडच्या गावाहून आलेली, डोक्यावर पदर. आरती झाली. दोघं पहिल्या रांगेत बसले. मी लॅपटॉपवर बोट ठेवलं आणि चांगली फाइल लावली. शप्पथ, चांगलीच लावली.

भावींनी पहिल्या मिनिटाला फोन काढला. राणी फॅरो झाली, भावी कोणालातरी अंगठा पाठवत होते. जहाजं गेली, झाडं आली, भावी फोनवर “हां बोल, मी कार्यक्रमात आहे” म्हणत होते. नव्या राजाने नाव खोडलं. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. ‘लोकांनी पुढे राणीला ओळखले ते त्या खाचेवरून,’ मी सावकाश म्हणत होतो स्पीकरमधून, आणि भावी रस्त्यापलीकडच्या कोणाला तरी हात करत होते.

टाळ्या झाल्या. भावी म्हणाले, “वा! आपली संस्कृती जपली पाहिजे.” इजिप्तची.

बाई परत मागे टेकल्या. त्यांनी साडीचा पदर उगाचच सारखा केला. मी कधी त्यांना उगाच काही करताना बघितलेलं नाही.

तेवढ्यात अध्यक्ष धावत आले. “दादा, आईंना खांबामुळे नीट दिसलं नसेल. बसा, अजून एकदा लावतो. ए, लाव रे परत!”

मी दुसरी फाइल लावली.

सुरुवात तीच होती. मग नवा राजा स्टेजवर आला, दंड फुगवला, आणि स्पीकरमधून आवाज आला, “असं आहे बघा.”

मागून कोणीतरी फिसकन हसलं. ‘काय?’ आल्यावर अर्धा मंडप. ‘हँ’ आल्यावर अख्खा. जिमवाला पोरगा आधी गोंधळला, ओठ कुठले हलवायचे कळेना, मग त्याला मजा यायला लागली आणि तो भावींसारखे हात जोडून गोल फिरायला लागला. पडद्यामागे राणी हसून हसून दाढी धरून उभी. अध्यक्ष माझ्याकडे बघत गळ्यावरून बोट फिरवत होते.

आणि भावींनी फोन खाली ठेवला. पहिल्यांदाच स्टेजकडे नीट बघितलं. आणि हसले! सगळ्यात मोठ्याने. मांडीवर थाप मारली. “कोण आहे रे हा कलाकार? काय दमदार बोलतोय माणूस! नेता असा पाहिजे.”

माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही. हे मी इतकी वर्षं नकला करून शिकलोय. ज्याची करतो तोच विचारतो, ही कोणाची?

पण आईला येतो.

“आरं,” भावींची आई म्हणाली. रेकॉर्डिंग नेमकं संपलं होतं, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. “हा तं तूच बोलतोस की.”

“नाही गं आई. हे इजिप्तचं आहे.”

“आसंल इजिप्तचं. आवाज तुझा हाय. लय हुबेहूब हाय.” त्यांनी चष्मा सारखा केला. “आन त्या बाईचं नाव कामून खोडलं तू?”

“मी नाही गं. तो राजा...”

“कोन व्हती ती बाई?”

भावी अध्यक्षांकडे बघायला लागले. आणि मागून कोणीतरी, मी नाही, खरंच मी नाही, म्हणालं, “आजी, त्या मागं बसल्यात ना.”

सगळ्या माना वळल्या. बाई उठल्या. खुर्ची घडी करून खांबाला टेकवली आणि सरळ चालत निघून गेल्या. अभ्यासिकेच्या कडेने नाही. मागच्या गल्लीने.

भावी मोठा माणूस. दुसरा असता तर चिडला असता. त्यांनी माइक घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, “असं आहे बघा...”

मंडप कोसळायचाच बाकी होता. ते थांबले. हसू ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, “ह्या विषयात मी स्वतः जातीने लक्ष घालतो.” आणि ह्यावर परत हशा झाला तेव्हा त्यांना बहुतेक कळलं, कारण त्यांचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी ग्रायंडर घेऊन आला. ग्रॅनाइट निघालं आणि मागे पांढरी पाटी होती. अख्खी. एका कोपऱ्यावर सिमेंटचा फराटा, बाकी टकाटक. वर नव्या रंगाचा शिंतोडा नाही, ह्या पावसाचा डाग नाही. ग्रॅनाइटनेच ती झाकून ठेवली होती. गवंडी म्हणाला, “मी फोडनार नव्हतो. मी पन बाईंच्याच वर्गात व्हतो.” म्हणजे त्यालाही माहीत होतं. तो एवढे दिवस गप्प होता, कारण कोणी विचारलंच नाही.

मी घरी पळत गेलो सांगायला. बाई म्हणाल्या, “बरं.” पण दूध आणायला कुठून गेल्या ते मी वरून बघितलं. प्लॉटच्या कडेने गेल्या, तिथं थांबल्या, पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि मग पुढे गेल्या.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी अभ्यासिकेसमोर मंडप. बॅनर: ‘नामफलक पुनर्स्थापना सोहळा.’ ढोल. भावींची आई स्वतः बाईंना बोलवायला घरी आली, त्यामुळे बाईंना नाही म्हणता येईना. बाईंना शाल, नारळ. भावींचं भाषण, ‘असं आहे बघा’ न म्हणता, पाठ करून, त्यामुळे फारच वाईट. मग पडदा ओढला. वर बाईंची पांढरी पाटी, जिथं होती तिथंच. आणि तिच्या खाली काळं ग्रॅनाइट, तेच, पॉलिश करून, मागच्या बाजूला नवीन कोरलेलं: वरील फलकाची पुनर्स्थापना अमुक अमुक यांनी स्वतः जातीने लक्ष घालून केली. भावींचं नाव बाईंच्या नावाच्या तिप्पट. शेजारी हात जोडलेला फोटो. टाळ्या. मीही वाजवल्या. काय करणार?

मी खोलीत येऊन बसलो आणि जिन्यात पावलं वाजली. बाई कधीच वर येत नाहीत, गुडघ्यांमुळे. भाडंसुद्धा मीच खाली नेऊन देतो. त्या आल्या तेव्हा शाल हातावरच होती. बसा म्हणालो तर बसल्या नाहीत.

“कोणती फाइल वाजवायची ठरली होती?”

“बाई, चूक झाली. दोन्ही शेजारी होत्या...”

“खोटं बोलू नकोस. मी चाळीस वर्षं पोरांची तोंडं बघितलीत.”

मी लॅपटॉप मिटला.

“मी लिहिलं होतं ते त्या एका माणसाला कळावं म्हणून. त्याला एकट्याला कळलं असतं तर त्याने गुपचूप ती पाटी काढली असती आणि विषय संपला असता. तू अख्ख्या कॉलनीला कळवलंस, मग त्याला सोहळा करणं भाग होतं. एक पाटी होती, तिच्या जागी तू दोन केल्यास. आणि माझ्या नावाखाली आता कायमचं त्याचं.”

“पण बाई, त्याला कळलं कुठं होतं? तो फोनवर होता!”

“मग दुसऱ्या दिवशी कळलं असतं. नाहीतर पुढच्या वर्षी मी दुसरं लिहिलं असतं. मला घाई नव्हती. घाई तुला होती, टाळ्यांची. माझ्यासाठी केलं असं म्हणू नकोस, मी तुला ओळखते. त्याच्या म्हाताऱ्या आईला चारचौघांत लेकाला जाब विचारायला लागला, त्याचं काय? ती मघाशी माझे हात धरून रडली.”

हे मला माहीत नव्हतं. मी खाली बघितलं.

“वर बघ. आणि अजून एक. स्क्रिप्टमध्ये मी लिहिलं होतं, ‘बऱ्याच वर्षांनी’ नव्या राजाने नाव खोडले. तुझ्या त्या नकलेत ते दोन शब्द कुठे गेले?”

“ते... विनोद लांबत होता, बाई.”

“विनोद लांबत होता!” बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. “अरे, त्याने वीसेक वर्षं तिच्या नावाला हात लावला नव्हता. राग असता तर लगेच खोडलं असतं. का थांबला, हा तर त्या गोष्टीतला खरा प्रश्न आहे, त्यावर मोठमोठी माणसं अजून डोकं खाजवतायत. आणि आता तुझी नक्कलच पाठ असलेल्या ह्या कॉलनीतल्या प्रत्येक पोराला वाटतंय की राणी गेली आणि दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन माणसं आली. माझी पाटी राहू दे बाजूला. हा जो चुकीचा इतिहास तू सगळ्यांच्या डोक्यात कोरून ठेवलास, तो कोण खोडणार? तुझा बाप?”